देणारा बुडाला, त्याचं काय?

उदारपणाचं कौतुक सुरू झालं की कुणीतरी दादाजी खोब्रागडे यांचं नाव काढतो आणि बैठक गप्प होते. दाखला बिनतोड वाटतो खरा. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव, जमीन दीड एकर. १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या जपत, निवडत त्यांनी नवं बारीक धान उभं केलं आणि बियाणं इतरांनाही दिलं. बाजारात घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडलं. कृषी संशोधन केंद्रानेही बियाणं नेलं. पुढे कृषी विद्यापीठाचं ‘पीकेव्ही एचएमटी’ वाण आलं. दादाजी मात्र २०१८ मध्ये तंगीतच गेले. तेव्हा, म्हणे, हात आखडता घ्यावा.

मला हा निष्कर्ष साफ नामंजूर आहे. बियाणं कणगीत दडवलं असतं तर दीड एकराबाहेर ते धान कुणी चाखलंच नसतं. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते झालेला गौरव तर दूरच. दादाजी दिल्यामुळे बुडाले नाहीत. वाण पसरत गेलं, पण त्याच्या मागोमाग त्यांचं नाव आणि वाटा गेला नाही. शेतकऱ्याला आपलं वाण आपल्या नावावर नोंदवण्याचा हक्क देणारा कायदा झाला २००१ मध्ये. तोवर एचएमटी घरोघरी शिजत होतं.

‘द्या, दुपटीने मिळेल’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. त्यांनी दानाची भिशी करून टाकली आहे.

हिशेब न मांडता देणं कसं असतं, त्यासाठी द्राक्षबागांकडे पाहा. गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. बागेत काय साधलं हे सांगायचंच, पण काय फसलं तेही सांगायचं, असा तिथला शिरस्ता. (फसलेलं सांगायला जास्त मोठं मन लागतं, हे कुठल्याही बागायतदाराला विचारा.) तासगाव तालुक्यात वसंतराव आर्वे यांनी थॉमसन द्राक्षातून निवडलेलं ‘तास-ए-गणेश’ असंच काडीकाडीने बागोबाग गेलं. काडी दिल्याने मूळ वेल वाळला नाही. उलट माल वाढला तसे व्यापारी वाढले, शीतगृहं आली, आणि त्यांचा उपयोग देणाऱ्यालाही झाला.

न सांगण्याची किंमत २०१० मध्ये कळली. क्लोरमेक्वाट या फवारणीच्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडली, तेव्हा ज्याची बाग स्वच्छ होती तोही पोळला. तिकडचं गिऱ्हाईक पेटीवर देश वाचतं, गट नंबर नव्हे. शेजाऱ्याला फवारणीतली खोच न सांगणारा आपलाच कंटेनर धोक्यात घालत असतो.

मग कुणालाही द्यावं का? छे. काडी नेऊन स्वतःची फवारणीची वही लपवणारा शेजारी दुसऱ्यांदा आला, तर त्याला चहा पाजावा. काडी पलीकडच्या बागेत जाऊ द्यावी, वाणाच्या नावासकट.