समुद्रातली भाजी आणि घरातले मीठ



शेवाळ खाता का, असे कोणी विचारले तर आपण नाक मुरडू. शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवरून घसरवणारे, गुरांच्या हौदात हिरवे तरंगणारे, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पण समुद्रातले शेवाळ आपल्या घरात केव्हाच आले आहे. द्राक्षावर, भाजीपाल्यावर ‘शेवाळ अर्क’ फवारतात तो समुद्री शेवाळाचाच. आणि वाण्याकडच्या पुडीतला चायना ग्रास, ज्याचा चिकावाचून खरवस करतात, तोही त्यातूनच काढलेला. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या बायका पाण्यात बुडी मारून हे शेवाळ वेचतात आणि मदुराईकडे त्याचा चायना ग्रास तयार होतो.

जपानात तर शेवाळ ही रोजची भाजीच. नोरी, वाकामे, कोंबू अशी त्यांची नावे. नोरीचे कागदासारखे पातळ पापुद्रे भाताभोवती गुंडाळून खातात, कोंबूचे तुकडे उकळून आमटीसाठी पाणी काढतात. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर नि डिंकाचे लाडू देतात, तसे कोरियात शेवाळाचे सार देतात. पुढे दर वाढदिवसालाही तेच सार करायचे, अशी तिकडची रीत आहे.

या भाजीत असते तरी काय? चोथा भरपूर, चरबी थोडी, क्षार पुष्कळ. चोथ्याने पोट साफ राहते. पण तिचा खरा गुण म्हणजे आयोडीन. हे द्रव्य पहिल्यांदा सापडले तेच मुळी शेवाळाच्या राखेत. १८११ साली फ्रान्समध्ये कूर्त्वा नावाच्या गृहस्थाला ते मिळाले.

आपल्या गळ्यात थायरॉईड नावाची छोटी ग्रंथी असते. शरीराची वाढ, ऊब आणि मेंदूची घडण तिच्या रसावर चालते आणि तो रस आयोडीनवाचून होत नाही. आयोडीन कमी पडले की ग्रंथी फुगते. तोच गलगंड. पावसापाण्याने जमिनीतले आयोडीन धुपून शेवटी समुद्रात जाते. जमिनीत नाही तर पिकात नाही, पिकात नाही तर माणसात नाही. समुद्रातले शेवाळ मात्र ते भरभरून शोषून घेते.

गळ्याची गाठ डोळ्यांना दिसते, पण मोठे नुकसान दिसत नाही. गरोदरपणी आईला आयोडीन फार कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मूल मतिमंद किंवा मुके-बहिरे जन्मू शकते. हे नुकसान मागाहून भरून निघत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५० लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गरज एवढीशीच, पण ती रोजची आहे.

मग शेवाळाची पूड मागवून रोज चमचाभर खावी का? मुळीच नको. खत जास्त झाले की पीक करपते, तसेच हे आहे. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार मायक्रोग्रॅम आयोडीन असू शकते, म्हणजे दहाबारा दिवसांची गरज एका चिमटीत. जपानच्या होक्काइडो बेटाच्या किनाऱ्यावर कोंबू अतोनात खाणाऱ्या लोकांतही गलगंड आढळला. ही पाहणी १९६५ साली प्रसिद्ध झाली. कमी पडले तरी गाठ, जास्त झाले तरी गाठ! शिवाय हिजिकी नावाच्या शेवाळात सोमल सापडल्यामुळे ते खाऊ नये, असे ब्रिटनच्या अन्नखात्याने २००४ साली लोकांना सांगितले.

आपल्याला समुद्राची ही देणगी स्वस्तात मिळते ती आयोडीनयुक्त मिठातून. हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनचे मीठ दिले, काहींना साधे. पाचसहा वर्षांत आयोडीनवाल्या गावांतला गलगंड झपाट्याने उतरला. त्यावरून १९६२ साली देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला देशात बंदी आहे.

तेव्हा घरच्या लक्ष्मीने एवढे पाहावे:

१. पुडीवर हसऱ्या सूर्याचे चित्र किंवा ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द पाहूनच मीठ घ्यावे. उपासाच्या सैंधवात आयोडीन जवळजवळ नसते, म्हणून बारा महिने तेच वापरू नये.

२. जाडे मीठ धुऊन घेऊ नये. आयोडीन वरून लावलेले असते, ते पाण्याबरोबर जाते.

३. मिठाची बरणी चुलीजवळ उघडी ठेवू नये. कोरड्या जागी, घट्ट झाकणात ठेवावी.

४. आयोडीनसाठी मीठ वाढवू नये. सगळे मिळून दिवसाला माणशी एक लहान चमचा पुरे. दूध, अंडी, मासळी यांतूनही थोडे आयोडीन मिळते.

५. थायरॉईडचे किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्यांनी, तसेच गरोदर बायकांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेवाळाची पूड वा गोळी घेऊ नये. फवारणीचा अर्क पिकासाठी आहे, तो पोटात जाता कामा नये.

चायना ग्रास मात्र निर्धास्त खावा. तो तयार करताना शेवाळ धुऊन, उकळून, गाळून घेतात, म्हणून त्यात आयोडीनचा भरवसा धरू नये. चोथा मात्र चांगला मिळतो. दहा ग्रॅम चायना ग्रास कापून कपभर पाण्यात भिजवावा आणि पुरता विरघळेपर्यंत उकळावा. तो अर्धा लिटर गरम दुधात ओतावा, चवीपुरती साखर आणि वेलदोडा घालून ताटात पसरावा. फ्रीज नसला तरी निवल्यावर वडी धरते. एखाद्या उन्हाळी दुपारी मुलांना करून घाला.

आणि घरात सून किंवा माहेरवाशीण गरोदर असेल, तर आजच मिठाची पुडी उलटून पाहा. पिढीचे शहाणपण त्या चिमूटभर मिठात आहे.