दोष चालकाचा कीं जागेचा ?

नगर-मनमाड हमरस्त्यानें राहुरी मागें टाकून उत्तरेस निघालें कीं थोड्याच अंतरावर ‘राहुरी फॅक्टरी’ नांवाची वस्ती लागते. साखर कारखान्याचें नांव वस्तीस चिकटलें तें कायमचेंच. आम्हां देवळाली प्रवराकरांस नगरकडे किंवा शिर्डीकडे जावयाचें तर बहुधा याच नाक्यावर येऊन उभें राहावें लागतें, आणि तेथें पाव घटका उभें राहिलें म्हणजे या रस्त्याच्या प्रकृतीची पुरी ओळख पटते. उत्तर हिंदुस्थानांतून दक्षिणेकडे जाणारे अवजड मालट्रक, साईदर्शन आटोपून शनिशिंगणापूर गांठावयाच्या घाईंत असलेल्या मोटारी, दुचाकीवरून कॉलेजास निघालेलीं मुलें, पालखीबरोबर अनवाणी चालणारे भाविक, आणि गाळपाच्या दिवसांत उसानें लादलेल्या बैलगाड्या व दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ! ताशीं ऐंशी किलोमीटर धांवणारें यंत्र आणि ताशीं चार किलोमीटर चालणारा बैल यांस एकाच पट्टीवर सोडून दिलेलें आहे. रस्ता नीट करण्याची कहाणी मात्र साठां उत्तरीं जाऊनही सुफळ संपूर्ण होईना. ठेकेदार आले, ठेकेदार गेले, आणि वर्षानुवर्षें खड्डे तेवढे राहिले.

अपघाताची वार्ता घरीं आली म्हणजे आपण दोहोंपैकीं एक बोलतों. गेलेला मनुष्य ओळखीचा असला तर ‘त्याची वेळ भरली होती’. अनोळखी असला तर ‘प्याला असेल, नाहींतर डुलकी लागली असेल.’ पूजेनंतर तीर्थ घेतांना अकालमृत्यु टळावा अशी मागणी ज्या घरांत रोज होते, त्याच घरांतून हे उद्गार निघावे याचें आम्हांस नवल वाटतें. चालक चुकत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एकाच अर्ध्या किलोमीटरांत निरनिराळ्या गांवचे, निरनिराळ्या वयाचे, कांहीं तर अगदीं निर्व्यसनी असे चालक वर्षामागून वर्ष तीच चूक करूं लागले, तर ती चूक जागेची समजली पाहिजे. खेड्यांतील लोकांस हें आधींच उमगलेलें असतें. ते त्या वळणास झपाटलेलें म्हणतात, तेथें नारळ फोडतात, लिंबू टाकतात. त्यांचें निदान चुकत असेल. जागेची निवड क्वचितच चुकते.

भुताच्या ठिकाणीं थोडें अंकगणित घालून पाहूं. ताशीं ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते. पुढें कांहीं आहे हें दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर झाले. त्यापुढें गाडी उभी राहीपर्यंत कोरड्या, बऱ्या रस्त्यावरही आणखी चाळीस-पन्नास. म्हणजे पाऊणशें-ऐंशी मीटर वाट मोकळी पाहिजे. आणि समोरच्याचे डोळे दिपूं नयेत म्हणून खालीं केलेल्या दिव्याचा उपयोगी उजेड पन्नास-साठ मीटरांपलीकडे फारसा जात नाहीं ! आतां मागें तांबडा दिवा नसलेली, मोळ्या बाहेर आलेली ट्रॉली त्या अंधारांत उभी आहे अशी कल्पना करा. चालक शुद्धीवर आहे, जागा आहे, सज्जन आहे. तरी तो थांबूं शकत नाहीं. वेग ५० वर आणला तर तीच मोटार चाळीस मीटरांच्या आसपास उभी राहते. पूर्वीं बैलगाडीच्या आंसाखालीं कंदील टांगण्याची रीत होती. कंदील गेले तशी तीही गेली.

याच महामार्गाच्या पुढील भागावर, सिन्नर व शिर्डी यांच्या दरम्यान पाथरे गांवाजवळ, १३ जानेवारी २०२३ रोजीं सकाळीं साईदर्शनास निघालेली बस आणि ट्रक यांची टक्कर होऊन दहा माणसें गेलीं. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे २०२२ सालीं, एकट्या महाराष्ट्रांत रस्त्यावर १५,२२४ जीव गेले. सरासरीनें रोजचे सुमारें बेचाळीस !

अशा जागा सरकारास ठाऊक नाहींत असें नाहीं. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारें ५०० मीटरांच्या टप्प्यांत तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पांच अपघात झाले, अथवा एकंदर दहा माणसें मेलीं, म्हणजे ती जागा ‘ब्लॅकस्पॉट’ ठरते, असें केंद्रीय खात्यानें २०१५ सालीं ठरविलें. व्याख्या सुटसुटीत आहे, पण तींत एक क्रूरपणा आहे. जागा धोक्याची ठरण्यास आधीं तेथें माणसें पडावीं लागतात.

जागा सुधारली तर काय होतें याचें उदाहरण मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचें. तेथें २०१६ सालीं १५१ मृत्यु झाले. त्यानंतर पोलीस, मार्गाची मालक असलेली सरकारी संस्था व एक स्वयंसेवी संस्था यांनीं मिळून तो मार्ग अक्षरशः पावलापावलानें तपासला. उघड्या खांबांभोंवतीं कठडे घातले, कडेला उभ्या राहणाऱ्या वाहनांकडे लक्ष दिलें. पुढील वर्षांत मृत्यूंचा आंकडा बराच उतरला. उलट उदाहरणही पुण्याचेंच. कात्रजच्या नव्या बोगद्यांतून नवले पुलाकडे उतरणाऱ्या लांब उतारावर डिझेल वांचविण्यासाठीं गाडी ‘न्यूट्रल’ करून सोडण्याची खोड कित्येक ट्रकवाल्यांस आहे. मग सारा भार ब्रेकवर पडतो आणि ते तापून निकामी होतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं एका वाहनानें तेथें अठ्ठेचाळीस गाड्यांस ठोकरलें. त्यानंतर वेगमर्यादा आली, रस्त्यावर खडखडणारे पट्टे आले; तरी नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याच उतारावर वाहनांनीं पेट घेऊन आणखी माणसें मेलीं. पट्ट्यांनीं ट्रकवाला जागा होतो. उतार मात्र तेवढाच राहतो. दुखणें कळूनही अर्धें औषध दिल्याचा हा परिणाम, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आपल्या रस्त्यास तरी फार मोठें औषध हवें आहे असें नाहीं. खचलेली साइडपट्टी डांबराच्या पातळीस आणावी, नाक्यावर दिवा असावा, वस्ती येण्यापूर्वींच वेग उतरेल अशी रचना असावी, पायीं जाणाऱ्यांस निराळी पट्टी मिळावी. मोटारवाहन कायद्यास २०१९ सालीं जोडलेल्या १९८-अ कलमान्वयें, रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरल्या प्रमाणाप्रमाणें न ठेवल्यामुळें मृत्यु अथवा अपंगत्व आलें, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार व सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. घरांतील कर्ता मुलगा गेलेल्या आईस ही रक्कम सांगण्याचें धैर्य आम्हांस होणार नाहीं. पण रस्त्यासही आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करतां येतें, एवढें तरी त्यांत आहे.

त्यासाठीं जागा नेमकी सांगतां आली पाहिजे. जिल्हा मार्ग-सुरक्षा समितीकडे अर्ज करतांना ‘नाक्यावर फार अपघात होतात’ असें मोघम लिहूं नये. जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आंकडा, वेळ, वाहनाची दिशा, उजेड होता कीं नाहीं, कडेला काय उभें होतें, एवढें लिहावें. पंचनाम्यांत नुसतें ‘अमक्या धाब्याजवळ’ असें लिहिलेलें असलें, तर तें इंजिनियराच्या कांहीं उपयोगाचें नसतें. अलीकडे पोलिसांस मोबाइलवर जागेच्या अक्षांश-रेखांशांसह नोंद करण्याची सोय झाली आहे. ती झाली कीं नाहीं हें विचारण्यास कोणाचीच हरकत नसावी. भगिनीमंडळांतील दोघीजणींनीं शाळा सुटण्याच्या वेळीं आठवडाभर नाक्यावर उभें राहून कोठें मुलांस रस्ता ओलांडणें अवघड जातें तें टिपलें, तर अर्जास तेवढीच बळकटी येईल. आणि हें माणसें पडण्यापूर्वीं करतां येतें. अर्ज मात्र दिवाळीच्या आंत जावा. ट्रॉल्यांच्या मागें चमकणाऱ्या पट्ट्या लावून घ्यावयाच्या, तर त्या हंगामाची पहिली मोळी चढण्यापूर्वींच लावून घ्याव्या लागतात.