कर्करोगाची भूक आणि रुग्णाचे ताट

घरात कर्करोगाचे निदान झाले की पहिला हुकूम बहुधा स्वयंपाकघरात सुटतो : साखर बंद! ‘साखर तोडली की गाठ उपाशी मरते’ हा संदेश मोबाईलवरून घरोघरी पोहोचला आहे. त्यावर विसंबून काही रुग्ण भात आणि फळेही सोडतात. या समजुतीच्या मुळाशी खरे संशोधन आहे. काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही भरमसाट ग्लुकोज वापरून त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. निरोगी पेशी वाढीचा संदेश मिळाला तरच बाहेरून जादा पोषण घेते. कर्करोगात जनुकीय बिघाडामुळे तो संदेश थांबतच नाही आणि ग्लुकोज आत नेणारी प्रथिने पेशीच्या आवरणावर वाढतात. पेट स्कॅन याच हावरेपणाचा उपयोग करते : किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचली की ती गाठीत साठते आणि गाठ चित्रात उजळते.

ही भूक साखरेपुरती नाही. रास जनुक बिघडलेल्या पेशी भोवतालचा द्रव घोटाघोटाने गिळतात आणि त्यातील अल्ब्युमिन पचवून अमिनो आम्ले मिळवतात, असे २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. एक दार बंद केले तर पेशी दुसऱ्या दाराने अन्न आणते.

शिवाय ताटातली साखर थांबली तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतच राहते. उपाशी राहतो तो रुग्ण. त्याचे वजन घटते, स्नायू झिजतात आणि केमोथेरपी सोसण्याची ताकद कमी होते.

पेशीची उपासमार करता येते. पण ती नेमकी असावी लागते. लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगातील पेशी अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसे बनवू शकत नाहीत. अ‍ॅस्परजिनेज हे औषध रक्तातील तो साठाच नष्ट करते. निरोगी पेशी बहुतांशी तगतात, रोगट पेशी मरतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक, २६.४ टक्के प्रमाण गोव्यात आढळले. त्यामुळे इथल्या अनेक रुग्णांना साखरेचे पथ्य पाळावेच लागेल. ते रक्तशर्करेसाठी आहे, गाठीसाठी नव्हे. म्हणूनच कर्करोग विभागात आहारतज्ज्ञाचा सल्ला हा उपचाराचाच भाग ठरला पाहिजे. रुग्णाचे ताट फिरत्या संदेशांच्या भरवशावर सोडणे परवडणारे नाही.