दाताला दात

माझा एक मित्र सोमवार ते शुक्रवार कोडिंग करतो आणि वीकएण्डला पार्किंगमध्ये सीएनसी राउटर बांधतो. (शेजारचे काका त्याला अजून वॉशिंग मशीनच समजतात!) यंदाचं गणपतीचं मखर त्याच मशीनवर कापायचंय. बेड दीड मीटरचा, रॅकचे तुकडे एकेक मीटरचे. म्हणजे सांधा आलाच. टोकाला टोक भिडवलं की झालं? छे! मॉड्यूल १ च्या रॅकमध्ये दर ३.१४ मिलिमीटरला एक दात, सांध्यावरही तेवढंच अंतर हवं. अर्धा मिलिमीटर चुकलं तर पिनियन तिथे हिसका खाणार आणि पुढची सगळी नक्षी तेवढीच सरकणार.

यावरची आयडिया एकदम झकास. रॅकचा छोटा तुकडा उलटा धरून सांध्यावर दातात दात बसवायचे, क्लॅम्प लावायचा, मगच बोल्ट आवळायचे. (दात तिरके असतील तर तुकडा उलट्या तिरकसपणाचा लागतो, हं.) टोकांमध्ये केसभर फट दिसली तरी दिसू दे, ती बुजवायला गेलात की दात सरकलेच.