कोर्टात हरलेली अट

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात लाबाडी अव्हेन्यूवरच्या ३९ घरमालकांपैकी ३० जणांनी १९११ साली एका करारावर सह्या केल्या. पुढची ५० वर्षे इथली घरे कृष्णवर्णीय किंवा मंगोल वंशाच्या माणसांना राहायला द्यायची नाहीत, असा तो करार. सही करणारा घर विकून गेला तरी अट घराला चिकटलेलीच राही. १९४५ मध्ये जे. डी. आणि एथेल शेली या कृष्णवर्णीय दांपत्याने तिथे घर घेतले, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यासाठी शेजारी कोर्टात गेले.

असे करार फोफावण्याचे एक कारण खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात होते. वंशानुसार वस्त्या ठरवणारा लुईव्हिल शहराचा नियम त्याने १९१७ मध्ये रद्द केला. मग नगरपालिकेला जे करता येईना, ते मालकांनी आणि बिल्डरांनी खरेदीखतात लिहून घेतले.

शेली खटल्याचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल ३ मे १९४८ रोजी लागला. तीन न्यायमूर्ती कारण न सांगता बाजूला झाले. त्यांची स्वतःची घरेही अशाच अटींची असावीत, असे मानले जाते. उरलेल्या सहांनी एकमताने सांगितले की, अशा कराराची अंमलबजावणी कोर्टाने करणे हे घटनेच्या विरुद्ध आहे. हा मोठा विजय होता. पण तोवर ही अट कोर्टापेक्षा मजबूत आधार मिळवून बसली होती, तो सरकारी कर्जहमीचा.

१९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने गृहकर्जांना हमी द्यायला सुरुवात केली. त्यामुळे थोडी रक्कम आधी भरून बाकी दीर्घ मुदतीने फेडणे सामान्य पगारदाराला जमू लागले. त्याच खात्याच्या नियमपुस्तिकेत वंशबंदीच्या अटींची शिफारस होती. निकालानंतरही खाते जवळजवळ दोन वर्षे बधले नाही. १५ फेब्रुवारी १९५० नंतर नोंदवलेल्या अटींच्या घरांना हमी मिळणार नाही, एवढेच त्याने जाहीर केले. आधीच्या अटींना धक्का लागला नाही.

आणि नेमकी हीच वर्षे उपनगरे उभी राहण्याची होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउनची १७,००० हून अधिक घरे बांधली गेली. तिथल्या सुरुवातीच्या भाडेकरारात गोऱ्यांशिवाय कुणी राहायचे नाही, असे कलम होते. घरकामाला ठेवलेल्या माणसांना मात्र त्यातून सूट होती. पुढे कलम गेले, पण कंपनी कृष्णवर्णीयांना घर नाकारतच राहिली. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये एक कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तर घरापुढे जमाव जमला, दगड पडले.

घर देताना वा विकताना भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा आला ११ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याने. शेली निकालानंतरच्या या वीस वर्षांत स्वस्तात मिळालेली घरे महाग होऊ लागली होती. अमेरिकेत मध्यमवर्गाची मुख्य पुंजी घर असते. त्यावर मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज निघते, मागे तेच वारसांना मिळते. शाळांचा बराच खर्चही स्थानिक घरपट्टीतून चालतो. म्हणून आजोबांना नाकारलेले घर नातवाच्या वर्गखोलीपर्यंत पोचते.

आपल्या लोकांनी हा इतिहास परका मानू नये. भारतीय माणूस गोरा ठरत नाही, असे याच सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात सांगितले होते. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर न्यू जर्सीत गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांना उपनगरात घर घेता आले, त्यामागे त्यांचे कष्ट होते, तसाच कृष्णवर्णीयांचा लढाही होता.

अनेक जुन्या दस्तांत ही कलमे अजून छापलेली आहेत. काही राज्यांत ती रद्द करून घेण्याची सोय झाली आहे. ती हवीच, पण तेवढ्याने नुकसान भरून येत नाही. शिकागोलगतच्या इव्हान्स्टनने २०२१ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वंशजांना घर घेण्यासाठी, दुरुस्तीसाठी किंवा कर्जफेडीसाठी २५,००० डॉलर देण्याची योजना शहराने मंजूर केली. रक्कम तोकडी आहे, योजनेविरुद्ध दावाही दाखल झाला आहे. तरी सरकारी पैशाने केलेले नुकसान सरकारी पैशानेच भरून द्यायला हवे, हे त्या शहराने मान्य केले. वॉशिंग्टनमधल्या सरकारनेही आता ते करावे.