ताडोबाला जाताय? दोन रात्री चंद्रपुरात काढा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या घरांतून ताडोबाचे बेत शिजू लागतात. सफारीचं आरक्षण, नागपूरपर्यंत विमान किंवा रेल्वे, तिथून भाड्याची गाडी आणि थेट कोलारा नाहीतर मोहर्लीच्या प्रवेशद्वाराजवळचं रिसॉर्ट. तीन दिवसांत चार सफारी करायच्या, वाघ दिसला तर फोटो काढायचे आणि परतायचं. या साऱ्या आखणीत चंद्रपूर हे नाव फार तर मैलाच्या दगडावर भेटतं. माझं म्हणणं असं, की पुढचा बेत आखताना दोन रात्री चंद्रपूर शहरासाठी काढून ठेवाव्यात.

कोळशाच्या धुळीत सुट्टी कोण घालवणार, ही शंका रास्त आहे. गावाभोवती खाणी आहेत, २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उशाशी आहे आणि उन्हाळ्यात पारा ४५च्या वर सहज जातो. दम्याच्या माणसानं डॉक्टरांना विचारूनच यावं. यातलं काही लपवण्यात अर्थ नाही. पण महाराष्ट्राच्या घरांतले दिवे ज्या गावाच्या धुरावर जळतात, ते गाव आपण एकदा पाहूही नये?

आणि पाहण्यासारखं पुष्कळ आहे. जुनी माणसं अजून ज्याला चांदा म्हणतात, ते हे गाव गोंड राजांची राजधानी. सबंध गावाला दगडी परकोट. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे त्याचे चार दरवाजे. १७५१ साली ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, १८१८त इंग्रजांकडे. अंचलेश्वर मंदिराच्या आवारात बीरशहा राजाची समाधी आहे, ती त्याच्या राणीनं, हिराईनं बांधली. बादशहानं बेगमेसाठी बांधलेली कबर पाहायला आपण आग्र्याला जातो. राणीनं राजासाठी बांधलेली इथे आहे आणि तिथे रांग नसते. गावाच्या दक्षिणेला तर एका धनिक व्यापाऱ्यानं कोरून घेतलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर पडून आहेत. त्यांच्यासाठीचं मंदिर कधी उभंच राहिलं नाही.

परकोटाची दशा मात्र वाईट होती. बुरुजांवर झाडं वाढलेली, चढायला वाट नाही. १ मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेची मंडळी, बंडू धोतरे यांच्या पुढाकारानं, रोज सकाळी फावडी-घमेली घेऊन तिथे जाऊ लागली. एक दिवस झाडू धरून छायाचित्र काढण्यापुरतं हे काम नव्हतं. शेकडो सकाळी ते चाललं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात त्याचा उल्लेख केला. पुढे पर्यटकांसाठी परकोटावरून फेऱ्या सुरू झाल्या. गावातला रामाळा तलाव सांडपाण्यानं आणि जलपर्णीनं भरला, तेव्हा २०२१ मध्ये धोतरे उपोषणालाही बसले.

इंग्लंडात समुद्रकाठी मार्गेट नावाचं गाव आहे. एकेकाळी लंडनचे कामगार रेल्वेनं तिथे सुट्टीला जात. पुढे स्पेनची विमानं स्वस्त झाली आणि मार्गेटची लॉजेस ओस पडली. चित्रकार टर्नर तिथे ज्या घरात उतरत असे, त्याच जागी २०११ साली मोठं कलादालन उभं राहिलं आणि माणसं पुन्हा मुक्कामाला येऊ लागली. अर्थात मग लंडनकरांनी घरं घेतली, भाव चढले आणि जुन्या रहिवाशांची पंचाईत झाली, हेही खरं. चंद्रपूरला तो धोका अजून लांब आहे. इथे गावानं आपली भिंत झाडून ठेवली आहे आणि पाहुणा बाहेरच्या बाहेर निघून जातो.

बँकेत उमेदीची वर्षं गेल्यामुळे मला प्रत्येक बेतात आधी पैशाची वाट दिसते. रिसॉर्टचा मालक बाहेरगावचा असेल, तर नफाही त्याच्यामागोमाग बाहेरगावी जातो. शहरातल्या लॉजचं भाडं, रिक्षाचे पैसे, खानावळीचं बिल गावातच फिरतं. ज्या जिल्ह्यात २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघानं मारल्या, तिथे वाघ पाहायला येणाऱ्याचा पैसा कुठे मुरतो, हा प्रश्न किरकोळ नाही.

बेत सोपा आहे. ताडोबाचं मुख्य जंगल मंगळवारी बंद असतं; तो दिवस शहराला द्या. सकाळी परकोट, मग समाधी आणि त्या मूर्ती, संध्याकाळी महाकालीचं देऊळ. जेवणात सांबारवडी मागा. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. जंगलातल्या सांबराशी तिचा संबंध नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. दुसऱ्या दिवशी मूलवरून गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याला जा. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते आणि काठावरच्या देवळांच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. डागडुजीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळल्याचा राग येईल, येऊ द्यावा.

खोली मात्र चैत्रातल्या तारखा पाहून ठरवा. त्या दिवसांत महाकालीच्या यात्रेला नांदेड-मराठवाड्याकडून हजारो कुटुंबं येतात, झरपट नदीच्या काठी उतरतात, तिथेच चुली मांडतात. हे गाव पाहुण्यांचं आहे हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यामुळे लॉजवाला तुम्हाला सरळ नाही म्हणेल.