चव्हाट्यावरचा संसार

इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात. साधकाला प्रारंभीच भ्रमणध्वनी जमा करावा लागतो. बोलणे तर नाहीच, लिहिण्यासही मज्जाव असतो. याच गावी पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते आणि धबधब्यापासून शिदोरीतल्या घासापर्यंत सारे तत्क्षणी जगजाहीर होते.

या हौसेला केवळ नाके मुरडून चालणार नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अनेकांना प्राणवायू आणि रुग्णालयातील खाट मिळाली, ती समाजमाध्यमांवर मांडलेल्या घरच्या व्यथेमुळेच.

परंतु या प्रसिद्धीचे मोल काय पडते? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मात्र आपण होऊन जाहीर केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. दाराची कडी आपणच काढली, तर कायदा ती लावायला येत नाही. सहकुटुंब सहलीचे छायाचित्र ही घर बंद असल्याची दवंडीच ठरते. मोठ्यांनी हा धोका खुशाल पत्करावा. पण ज्याला अजून वाचाही फुटलेली नाही, त्या तान्ह्याचे न्हाणेमाखणे चव्हाट्यावर मांडताना त्याची संमती कोणी घेतली?

सर्वांनी मुके व्हावे असे नव्हे. धम्मगिरीतही अखेरीस मौन सुटतेच. प्रकट करण्यापूर्वी क्षणभर थांबण्याचा संयम मात्र कायदा देऊ शकत नाही. तो ज्याचा त्यानेच बाळगला पाहिजे.